माऊचा डोळा

तिला आम्ही पानवाली म्हणतो. पानं लावते म्हणून पानवाली. पानं म्हणजे पुस्तकाची. लेखकाचा मजकूर तिच्याकडे गठ्ठ्याने येतो आणि पानं होऊन बाहेर पडतो. मथळा कुठे, चित्र कुठे, मोकळी जागा किती सोडायची, हे सगळं ती ठरवते. छपाईच्या धंद्यात याला पानं लावणं असंच म्हणतात, पण बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हमखास विचारतो, दुकान कुठे टाकलंय? यावर ती मनापासून हसते. मधलं एक वर्ष मात्र हसत नव्हती.

मी तिची मुद्रितशोधक. तिने लावलेल्या पानांतल्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि घरच्यांच्या मते माझा स्वभावही. लग्नाची पत्रिका हातात आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते आणि मग नवरा-नवरी. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मला भीती वाटते ती छापून झाल्यावर सापडणाऱ्या चुकीची. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणाचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको.

पानवालीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश आणि त्यांच्यावर लॅपटॉप. शब्दकोश वाचायला नाहीत, लॅपटॉपला उंची यावी म्हणून ठेवलेले. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा तिळपापड झाला होता. आता सवय झालीय. तिच्या उजव्या मनगटाला कायम पट्टा, कारण लॅपटॉपच्या त्या गुळगुळीत चौकोनावर वर्षानुवर्षं बोट घासून मनगट कामातून गेलेलं. शेवटी नवऱ्याने तिला बिनवायरीचा माऊस आणून दिला. छोटासा, राखाडी, तिच्या मुठीत मावणारा. त्याचं हलणं लॅपटॉपला कळवणारी नखाएवढी पिन लॅपटॉपच्या कडेला खोचलेली असते. मराठीच्या बाबतीत मी जरा कडक आहे, म्हणून गमतीने म्हणाले होते, "माऊस कसला, सरळ उंदीर म्हण." तेव्हापासून त्या घरात तो उंदीरच. "मावशी, तुमच्या कागदाखाली माझा उंदीर अडकलाय," असं ती मला सहज म्हणते आणि नवीन आलेला माणूस पाय वर घेऊन बसतो.

कामात ती माझ्याहूनही हट्टी. परिच्छेदाची शेवटची ओळ तुटून पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटीच जाऊन बसली, तर तिला बघवत नाही. कुठे तरी जागा काढेल, अक्षरं कणभर सैल करेल, पण मागच्या पानावरची आणखी एक ओळ ओढून आणून तिला सोबत देईल. "एकटी नको ठेवायला," एवढंच म्हणते. नवरा गेल्यानंतर हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं की मी मान खाली घालून पुढचं पान वाचायला घ्यायची.

तो कुठल्याशा कचेरीत हिशेब तपासायचा. सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी खुर्चीत बसल्या जागी संपला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याची काळी बॅग घरी आणून दिली. बिचारा रडत होता, आणि रडता रडता नको ते बोलून गेला. "आम्हाला कळलंच नाही हो," तो म्हणाला. "हात माऊसवर होता. आम्हाला वाटलं, काम चाललंय." हे ऐकायला दारात दोघी उभ्या होत्या, पानवाली आणि तिची सासू. काही दिवसांनी कचेरीचा माणूस आला आणि ती बॅग लॅपटॉपसकट परत घेऊन गेला. उघडून कोणी पाहिली नाही. वस्तू कचेरीच्या होत्या, त्याला तरी काय म्हणणार.

घरात राहिल्या दोघी. सासू ऐंशीच्या पुढची, अंगाने काडी, कानाने कमी, जीभ मात्र शाबूत. मला ती चष्मेवाली म्हणते. "आली का ती चष्मेवाली? आता दोघी मिळून त्या लेखकाची सालं काढणार." सासूसुनेचं भांडण कधी नव्हतं, पण फार सख्यही नव्हतं. दोघींमध्ये तो होता, आणि दोघी त्याच्यामार्फत बोलायच्या. आता मध्ये कोणी राहिलं नाही, तेव्हा दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या जपून वागायला लागल्या. सासू दुपारभर आपल्या खोलीत दार लोटून पडून असायची. सून बाहेर पानं लावत असायची. मध्ये एक भिंत.

काही महिने असे गेले आणि चुका सुरू झाल्या.

पानवालीच्या पानांत चुका नसतात असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझं पोट कसं भरलं असतं? पण त्या साध्यासुध्या असतात, मात्रा राहिली, अनुस्वार उडाला. आता निराळंच होऊ लागलं. एका ठिकाणचं वाक्य भलत्याच ठिकाणी जाऊन पडायचं. त्या वेळी आमच्याकडे गृहिणींसाठीचं एक जाडं पुस्तक होतं. बाळाच्या संगोपनापासून स्वयंपाकापर्यंत त्यात सगळं होतं, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर एक प्रकरण संपून दुसरं सुरू होत होतं. तिथे मी वाचलं: 'बाळाला कोमट पाण्याने अंघोळ घालावी, मऊ कापडाने टिपून घ्यावे व मंद आचेवर झाकून ठेवावे.' हसून हसून मला चष्मा काढावा लागला. मग राग आला. हे तसंच छापून गेलं असतं तर? पानं उचलली आणि तडक तिसरा मजला गाठला.

"हे काय आहे?" मी कागद तिच्यापुढे आपटला. "बाळ शिजायला ठेवलंस?"

तिने वाचलं. हसली नाही. "मी बरोबर जागी चिकटवत होते, मावशी. पडद्यावरचा बाण सरकला."

"बाण आपोआप सरकतो होय? तू सरकवलास."

"बसा ना थोडं," ती म्हणाली. "आता वेळ होतच आलीय."

मी बसले, मुख्यतः जिन्याने धाप लागली होती म्हणून. दुपार होती. सासूच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पानवालीने उंदीर उलटा केला, त्याच्या पोटावरची कळ बंद केली, तो माझ्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले. पडद्यावर ते बाळाचं पान होतं आणि बाण समासात गप उभा होता. मला हा सगळा पोरखेळ वाटत होता.

आणि बाण हलला.

जरासा वर गेला. थांबला. जरासा खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. घाई नव्हती, कुठे जायचंही नव्हतं. एकाच जागी तो सावकाश वरखाली होत राहिला. माझ्या हातातला उंदीर बंद होता, तिचे हात मांडीवर होते आणि खोलीत तिसरं माणूस नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी खुर्ची मागे घेतली.

"रोज येतो," ती म्हणाली.

"कोण?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे विचारायची गरज राहिली नाही.

मग तिने सांगितलं. नवऱ्याचाही एक माऊस होता, काळा, मोठा. कचेरीत वापरायचा, सुटीला घरी आणायचा. त्याच्या पोटाशी एक बटण होतं. ते दाबलं की तो कचेरीचा लॅपटॉप सोडून हिच्या पिनेला जोडला जायचा. ही सोय नवऱ्याने मुद्दाम करून ठेवली होती, आणि ती कशासाठी? तर हिला छळायला. ही इथे मान मोडून पानं लावतेय आणि हा स्वयंपाकघरात ओट्यावर माऊस ठेवून हिचा बाण पळवतोय. "मी इथून ओरडायचे. मग आतून म्हणायचा, चहा झालाय, ऊठ आता." तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हाक मारायची त्याची तीच रीत होती."

"तो काळा माऊस कुठे आहे?" मी विचारलं. तेवढं डोकं मला होतं.

"कचेरीत गेला ना परत. त्या बॅगेतून सगळंच गेलं."

"आणि संगणकवाल्याला दाखवलंस का हे?"

"दाखवलं. तो म्हणाला, पिन काढून ठेवा. काढली. आठवडाभर बाण हलला नाही."

"मग झालं की!"

"मग मीच परत लावली," ती म्हणाली. "तो आठवडा मला सोसवला नाही, मावशी."

मला तिची भीती वाटली आणि तितकाच तिच्याबद्दल कळवळा वाटला. बाळाला आचेवरून उतरवलं, दुरुस्ती करून घेतली आणि घरी आले. घरी आल्यावर माझ्या संगणकाचा माऊस उलटा करून वर रुमाल टाकला. नवऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, धूळ बसते.

त्यानंतर पानवालीने आपल्या कामाची घडीच बदलली. महत्त्वाचं काम सकाळी उरकायची. दुपार झाली की सगळ्या फाइली बंद करून पडद्यावर एक कोरं पान उघडायची. "त्याला फिरायला जागा हवी," म्हणायची. उंदीर बाजूला, हात मांडीवर, आणि डोळे त्या बाणावर. मी शेजारी बसून प्रुफं वाचायची आणि पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवून दर ओळीला बघायची. त्या कोऱ्या पानावर तो बाण मुका वरखाली होत राहायचा, आणि ती कधी कधी ओठांतल्या ओठांत त्याला काहीतरी सांगायची. त्या खोलीत बसणं मला नको नको व्हायचं. तरी मी जायची. तिला त्याच्याबरोबर एकटं सोडवत नव्हतं.

"एवढं ताईंना सांगू नका," तिने मला बजावलं होतं.

ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. दुसऱ्या गावी शाळेत मुख्याध्यापिका. करडी बाई. धाकटा भाऊ गेला तेव्हा सगळी धावपळ तिने निभावली, आल्यागेल्याचं बघितलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक नावं ठेवून गेले. आईला मात्र रोज फोन करायची, आणि फोनवर आई तिला माऊबद्दल सांगायला लागली.

"माऊ आज माझ्या उशाशीच होती." "माऊला मी कोणाला न्यायला देणार नाही." "तिचा डोळा कसला लाल आहे, पांघरुणात लुकलुकतो."

घरात मांजर नव्हतं. कधीच नव्हतं, पानवालीला मांजराच्या केसांनी शिंका येतात. नणंदेने फोनवरून खडसावून विचारलं, सुनेने पलंगाखाली वाकून पाहिलं, शेजारीपाजारी चौकशी केली. मांजर नाही. सासूला विचारलं की ती तोंड मिटून भिंतीकडे वळायची. एकदा पाणी प्यायला म्हणून मी आत जात होते, तर तिच्या दारातून आवाज आला, "झोप हो माऊ, झोप आता." मी दार ढकललं. म्हातारी एकटीच, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, आणि माझ्याकडे रोखून बघत होती. मी निमूट दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत न दिसणारा माणूस, आतल्या खोलीत न दिसणारी मांजर आणि मध्ये मी, ऱ्हस्व-दीर्घ बघणारी. मला वाटायला लागलं, या घराचं आता काही खरं नाही.

नणंदेचं तेवढ्यात ठरलं. आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवायचं, जागा बघून झालीय, रविवारी न्यायला येते.

"तुला काही विचारलं की नाही?" मी पानवालीला म्हटलं.

"विचारलं ना. म्हणाल्या, तू सांग, तिथे मांजर आहे का? नाही ना? मग?" तिचा आवाज फुटला. "नाही म्हटलं तर आई जातात. आणि आई नाही ते बघतात, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी रोज काय बघत बसते?" तिने डोळे पुसले. "त्यांना तिथे एकटीला नको हो ठेवायला. तिथे त्यांचं कोण आहे? तुम्ही या रविवारी. तुम्ही बाहेरच्या आहात, तुमचं ऐकतील."

रविवारी मी प्रुफांचं निमित्त करून गेले. दाराशी सासूची बॅग भरून तयार होती. सासू बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती, आणि एका आठवड्यात आणखी आटल्यासारखी दिसत होती. नणंद औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरत होती. पानवाली टेबलाशी. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून लॅपटॉप उघडून बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा हळूच म्हणाली, "परवापासून येत नाहीये."

"पिन बघितलीस का?"

"जागेवर आहे. कोरं पान उघडून बसते, तरी नाही. आई जाणार हे त्याला आवडलं नसेल."

मी काही बोलणार तोच नणंद आईपुढे जाऊन खाली बसली. "आई, माझ्याकडे बघ. खरं सांग. घरात मांजर आहे?"

"मांजर?" म्हातारी चवताळली. "मांजर कशाला असेल घरात? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग माऊ कोण?"

म्हातारीने मान खाली घातली. "माऊ गेली," ती म्हणाली. "परवा. डोळाच उघडत नाही. किती हलवून पाहिलं." हाताच्या पाठीने तिने नाक पुसलं. "आता न्या मला कुठे न्यायचं तिथे."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत ना? आहे म्हणते, नाही म्हणते, गेली म्हणते. मी काय हौस म्हणून नेतेय?"

मी ऐकलं होतं. माझा धंदाच वाईट. समोर माणूस रडत असलं तरी माझं मन शब्दापाशी अडकतं. मांजर नाही, पण माऊ आहे. तिचा डोळा लाल आहे. तो परवा मिटला. आणि बाणही परवापासूनच बंद आहे. पुढ्यात प्रुफं होती, हातात लाल पेन होतं. कोपऱ्यात मी लिहिलं: माऊ. त्याच्यापुढे काकपद काढलं. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी एक खूण. अक्षर गळलंय, इथे घाला, असं सांगणारी. वर 'स' लिहिला आणि कागद पानवालीकडे सरकवला.

एवढासा शब्द, पण ती तो वाचतच राहिली. मग तिने आपला उंदीर उलटा केला, झाकण उघडून आतला सेल काढला, मुठीत घेतला आणि सासूपुढे जाऊन बसली.

"आई, माऊ द्या."

"नाही."

"नेत नाही कुठे. डोळा उघडून देते."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग बाहेरच्या दाराकडे. कचेरीचा माणूस तिथे उभा असेल, असं तिला वाटत असावं. शेवटी उठली आणि आपल्या खोलीत गेली. तिच्यामागे आम्ही सगळ्या. तिने उशीच्या अभ्र्यात कोपरापर्यंत हात घातला आणि काळा, मोठा माऊस बाहेर काढला. डाव्या कळेवर जिथे बोट टेकतं तिथला रंग उडून गेला होता.

नणंद दारातच थबकली. पानवालीने सेल बदलला. झाकण पटकन बसेना. बसलं, आणि माऊसच्या पोटाशी लाल उजेड पेटला.

"उघडला!" म्हातारी म्हणाली आणि तिने तो सुनेच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बॅग घरी आली त्याच दिवशी तिने तो काढून घेतला होता. "तो पोरगा म्हणाला ना, हात ह्याच्यावर होता म्हणून. मग परत कसा द्यायचा? त्यांना असे पन्नास मिळतील. माझ्या धाकट्याचा हात आहे ह्याच्यावर."

"आणि माऊ?" नणंदेने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"त्यानंच सांगितलेलं. आई, ह्याला माऊ म्हणतात."

शेवटचा स तिच्या कानांपर्यंत कधी पोचलाच नव्हता. आणि आमच्याकडे तो उंदीर, त्यामुळे आम्हाला तिचं कळलं नाही आणि तिला आमचं. रोज दुपारी ती पडल्या पडल्या त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि गादीवर तो बोटभर मागेपुढे व्हायचा. पोटाचं ते बटण कधीतरी पुसताना दाबलं गेलं असणार. भिंतीपलीकडे त्याचं काय होतं, याचा तिला पत्ता नव्हता.

पानवाली येऊन परत टेबलाशी बसली. मीही आले. कोडं सुटल्याचा मला मनातून आनंद झाला होता. तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तो नव्हताच." इतके महिने तिने बाकी ठेवलेला नवरा तिच्यापुरता आत्ता, या क्षणी गेला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

आतून नणंदेचा आवाज आला, पुन्हा पहिल्यासारखा करडा. "वेड लागलं नाही, हे बरंच झालं. पण म्हणून काय? ऐंशी उलटलेली तू, आणि दिवसभर पडद्यात डोकं घालून बसलेली ती. उद्या पडलीस झडलीस तर? जागा पुन्हा मिळणार नाही. संध्याकाळी निघू. दे तो माऊस इकडे, नीट गुंडाळून बॅगेत टाकते. जा तू, चहा घे."

म्हातारीने वाद घातला नाही. रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि आमच्याजवळ येऊन बसली. पानवालीने तिला चहा ओतून दिला, तिने दोन्ही हात कपाभोवती धरले. मागे खोलीचं दार लोटलं गेलं.

लॅपटॉप तसाच उघडा होता, पडद्यावर कोरं पान. उंदीर बिनसेलाचा, झाकण उघडं टाकून पडला होता.

बाण हलला.

हे रोजचं वरखाली नव्हतं. एकदम झटका बसून तो पडद्याच्या कडेला गेला आणि तिथेच थांबला. मग थरथरायला लागला, एकाच जागी, बारीक, न थांबता. मध्येच दुसरा झटका, आणि पुन्हा ती थरथर. मी म्हातारीच्या हातांकडे पाहिलं. ते कपाभोवती होते. खोलीतून हुंदका नाही, श्वासाचा आवाजसुद्धा नाही. तिथे आत ती बाई बसली होती, जिच्या डोळ्यांतून भावासाठी टिपूस आलं नव्हतं, आणि तिचा हात भावाचा हात जिथे होता तिथे होता. तिचं रडणं फक्त आम्हाला दिसत होतं.

"मी जाऊ का आत?" मी कुजबुजले.

"नको," पानवाली म्हणाली. "कोणी बघत नाही असं वाटतंय त्यांना. बाण थांबू दे."

आम्ही बसून राहिलो. म्हातारीने चहाचा घोट घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. "काय बघताय गं दोघी एवढं? चूक सापडली का?"

"नाही," मी म्हटलं. "चूक नाही."

बऱ्याच वेळाने बाण थांबला. आत नळ सुटल्याचा आवाज आला. दार उघडून नणंद बाहेर आली. तोंड धुतलेलं, कपाळावरचे केस ओले. माऊस तिच्या हातातच होता. तो तिने आईच्या मांडीवर ठेवला आणि पानवालीकडे वळली.

"ह्या माऊला सेल कुठला लागतो?" आवाज मुख्याध्यापिकेचाच होता, फक्त नाक चोंदलं होतं. "भरपूर आणून ठेवते. दर वेळी तू तुझा काढून देणार, मग तू काम कशावर करणार?"

"आणि माझी बॅग?" म्हातारीने विचारलं.

"बॅग मी परत आल्यावर उघडून रिकामी करू," नणंद चपला घालत म्हणाली. "आधी दुकान उघडं आहे तोवर सेल आणते."